साळिंदराचा दिवा

त्या राज्यात दिवस उजाडला की दिवे लावले जात. सूर्य उगवायचा तेव्हा उगवे, त्याची कोणी दखल घेत नसे. डोंगराच्या सोंडेवर राज्याची लांबलचक दगडी कचेरी होती आणि तिच्या दालनात जितकी आसने तितके दिवे होते. ज्याच्या आसनापुढे दिवा पेटलेला तो प्राणी कामावर हजर, ज्याचा दिवा विझलेला तो गैरहजर. हजेरीची याहून दुसरी रीत त्या राज्याला ठाऊक नव्हती.

रीत पडली तेव्हा तिच्यात काही वावगे नव्हते. एका वर्षी ढगांनी आभाळ सोडलेच नाही आणि तेव्हाच्या प्रमुख गव्याला समोर कोण बसले आहे ते दिसेना, म्हणून त्याने प्रत्येकाला एकेक दिवा दिला. ढग गेले, तो गवाही गेला, दिवे मात्र राहिले. पुढे हुशार मंडळींच्या ध्यानात आले की आपण नसलो तरी दिवा असतोच. मग कोणी सकाळी दिवा लावून बोरे खायला जाऊ लागला, कोणी उन्हात अंग टाकू लागला. सध्याचा गवा तर चिखलात लोळायला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. त्याच्या दालनात मोठी समई तेवत असे आणि येणारे-जाणारे तिला वाकून नमस्कार करीत. काही जण तिच्यापुढे गाऱ्हाणे मांडीत आणि ज्योत जराशी हलली की समाधानाने घरी जात.

या दिव्यांचे तेल ओढ्याकाठच्या करंजांचे होते. करंजाच्या शेंगा वाळल्या की रानडुकरे खाली उतरत, बिया पोत्यात भरून वर आणत आणि घाण्यात घालत. तेलाला कमी पडत नाही तोवर बियांचा विचार करायचे कोणाला कारण नव्हते.

कचेरीत एक साळिंदर लेखनिक होता. लेखण्या त्याच्या पाठीवरच उगवत, त्यामुळे ही नोकरी त्याला आपसूक मिळाली होती. स्वभावाने तो मवाळ, पण अंगावर काटे असल्याने कोणी फारसे जवळ बसत नसे. आपला काटा कोणाला लागू नये म्हणून तोही चार हात लांबच राही. त्याला सोबत होती ती एवढीच, की कोणाची लेखणी मोडली म्हणजे तो प्राणी त्याच्याकडे येई. काटा मागता मागता घरचे काहीबाही बोले, हवेविषयी बोले आणि निघून जाई. गळलेले काटे साळिंदर जपून ठेवी. काहींची टोके तो मुद्दाम जरा नाजूक तासून देई, म्हणजे ती लवकर मोडत आणि मागणारा लवकर परत येई. ही लबाडी त्याने कोणाजवळ कबूल केली नसती, आणि करायला तसे कोणी नव्हतेही.

त्याची मावशी, म्हातारी साळू, त्याच ओढ्याकाठी बिळात राहत होती. लहानपणी आई गेल्यावर तिनेच त्याला त्या करंजांच्या सावलीत वाढवले होते. एकदा तो तिला भेटायला गेला, तर बिळाच्या तोंडाशी ऊन आलेले. पूर्वी तिथे भर दुपारी गारवा असायचा. मोठा करंज आदल्या वादळात आडवा झाला होता. त्याच्या जागी दुसरे झाड आले नव्हते, आणि ओढाही दगडांच्या खालून वाहू लागला होता.

"यंदाही एक रोप उगवलं नाही," मावशी म्हणाली. "उगवेल कशातून? बी राहतंच कुठं इथं. आहेत ती झाडं माझ्याच वयाची. ती गेली की ओढा गेला, आणि ओढा गेला की मी तरी कुठं जाऊ रे?"

मग तिने त्याला बिळातला मागचा कोनाडा दाखवला. डुकरांची नजर चुकवून तिने मूठ मूठ बिया तिथे लपवल्या होत्या. पाऊस नीट झाला की त्या काठाने पेरायच्या, असे तिच्या मनात होते. त्यातली एक तिने त्याच्या पंजात ठेवली आणि म्हणाली, तुझ्याकडेही एक असू दे, म्हातारीचा काय भरवसा.

दुसऱ्या दिवशी साळिंदर कचेरीत येऊन बसला आणि समोरच्या ज्योतीकडे बघत राहिला. आपण रोज किती झाडे जाळतो, हा हिशेब त्याला करवेना. आसनामागे जुन्या कागदांच्या गाठोड्यांची थप्पी होती आणि तिच्या फटीतून उजेडाची एक बारीक रेघ येत होती. त्याने एक गाठोडे सरकवले, मग दुसरे. मागे चक्क खिडकी निघाली. इतकी वर्षे तो खिडकीला पाठ लावून दिव्यापाशी डोळे फोडून घेत होता. खिडकीतून भरपूर ऊन आत आले, आणि खाली लांबवर ओढ्याकाठची करंजाची राई दिसली, दात पडलेल्या फणीसारखी.

साळिंदराने दिवा विझवला. एका करवंटीत माती भरून तिच्यात मावशीची बी खोचली, करवंटी खिडकीत ठेवली आणि तो कामाला लागला. अक्षर इतके स्वच्छ त्याचे त्यालाच कधी दिसले नव्हते.

दुपारी अंबील वाटायची वेळ झाली. वाटणारी चिचुंद्री डोळ्यांनी अधू होती, पण कामाला चोख. प्रत्येक पेटत्या दिव्यात तेल घालायचे आणि त्याच्यापुढे अंबिलीचा एक द्रोण ठेवायचा, हा तिचा नेम. ती साळिंदराच्या आसनापाशी आली, थांबली, आणि पुढे गेली. तिची चूक झाली असेल असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशीही तीच चूक झाली, तिसऱ्या दिवशीही. मग काटा मागायला येणारे यायचे थांबले. दोघे-तिघे आसनापर्यंत आले, साळिंदर कुठे गेला असेल याविषयी त्याच्यासमोरच उभे राहून बोलले आणि हळहळत परत गेले.

शेजारच्या आसनावर एक सांबर बसे. स्वभावाने सभ्य, कोणाचे मन न दुखवणारे. साळिंदराने शेवटी त्यालाच गाठले.

"मी इथंच आहे," तो म्हणाला.

सांबराने त्याच्याकडे पाहिले नाही. त्याने विझलेल्या वातीकडे पाहिले आणि अवघडून म्हटले, "असाल हो साळिंदरराव. मी कुठं नाही म्हणतोय? पण दिवा नाही ना."

त्यात सांबराचा काही डाव नव्हता. साळिंदराने दिवा लावावा आणि पुन्हा असावे, एवढेच त्याला मनापासून वाटत होते.

पुढचे दिवस साळिंदराला जड गेले. भूक तो रानातल्या कंदांवर भागवी, तिचे काही नव्हते. पण दिवसभरात कोणी एकदाही नाव घेऊन हाक मारू नये, हे त्याच्याने सोसवेना. आपला आवाज अजून फुटतो की नाही हे बघायला तो करवंटीशी बोलू लागला. आज हवा कोंदट आहे, असे तो तिला सांगे. मग एका सकाळी माती फुगली आणि एक पांढुरका कोंब वाकून वर आला. पुढे त्याला दोन पाने फुटली, कोवळी, चकचकीत. दोन्ही पाने खिडकीकडे तोंड करून होती. साळिंदराला इतका आनंद झाला की तो ओरडून सांबराला सांगायला वळला, आणि तसाच गप्प बसला. आनंद सांगायला कोणी नसले की तोही टोचतो, हे त्या दिवशी त्याला कळले.

त्या दुपारी त्याने दिवा लावला.

घटकाभरात दालनाचा नूर पालटला. चिचुंद्रीने तेल घातले आणि द्रोण ठेवून, बरे आहात ना, असे विचारले. सांबर हसून पुढे झुकले. कोणाच्या लेखणीचे टोक मोडले होते, कोणाला मुलीच्या लग्नाचे सांगायचे होते. कुठे होतात इतके दिवस, असे सगळेच विचारत होते, आणि साळिंदर, होतो आपला इकडेतिकडे, असे सांगत होता. जपून ठेवलेले सगळे काटे त्याने वाटून टाकले. कितीतरी दिवसांत तो इतका हसला नव्हता.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने दिव्यात डोकावून पाहिले. तळाला थोडे तेल राहिले होते, पिवळसर, कडवट वासाचे. तो वास मावशीच्या बिळाशी शेंगा फुटायच्या तेव्हा यायचा. तो रडला. मग त्याने दिवा विझवला, आणि तो पुन्हा लावला नाही.

काही काळाने कचेरीत तेल-बचतीचा उत्सव जाहीर झाला. तेल कमी येऊ लागले आहे ही गोष्ट वरपर्यंत पोचली होती. साळिंदराला वाटले, आता आपले कोणीतरी ऐकेल. उत्सवाच्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर भर दुपारी शेकडो पणत्या मांडल्या गेल्या, आणि त्या पणत्यांच्या ओळींनी 'तेल वाचवा' अशी ठळक अक्षरे उमटवली गेली. अक्षरे उन्हात दिसेनात, म्हणून आणखी पणत्या आणल्या. अध्यक्षस्थानी गव्याची समई आणून ठेवण्यात आली. साळिंदर करवंटी हातात घेऊन पुढे गेला. हे रोप दाखवायचे आणि ओढ्याचे सांगायचे, एवढेच त्याला करायचे होते. पण आधी सांबर बोलायला उभे राहिले.

"आपल्यात एक साळिंदरराव होते," ते म्हणाले. "तेल वाचावं म्हणून स्वतःचा दिवा विझवणारे. आज ते आपल्यात नाहीत. त्यांची आठवण म्हणून त्यांच्या जागी आपण एक अखंड दिवा लावू या."

समईची ज्योत हलली, म्हणजे प्रमुखांची मंजुरी मिळाली. टाळ्या झाल्या. साळिंदर त्या गर्दीत अगदी पुढे उभा होता. तो काय म्हणाला ते टाळ्यांत ऐकू गेले नाही, आणि टाळ्या थांबल्यावर त्याला बोलवेना.

दिवा आणला तो पितळेचा, बैलाच्या डोक्याएवढा, अनेक वातींचा. लांबून सगळ्या राज्याला दिसावा म्हणून तो खिडकीतच बसवला. वाऱ्याने विझू नये म्हणून बाजूच्या फटी जुन्या गाठोड्यांनी घट्ट बुजवल्या. दालनात पूर्वीचा अंधार झाला आणि त्या अंधारात दिवा शोभून दिसू लागला. चिचुंद्री आली, तिने पळी पळी तेल ओतले आणि त्याच्यापुढे अंबिलीचा द्रोण ठेवला. आले वाटते साळिंदरराव, असे ती म्हणाली. लोक परत येऊ लागले. ते दिव्याशी हवेविषयी बोलत, घरचे सांगत, मन हलके करून जात. साळिंदर शेजारीच बसलेला असे. एकदा त्याने सगळ्या वाती फुंकून टाकल्या. चिचुंद्रीने त्या तितक्याच मायेने पुन्हा लावल्या आणि एक गाठोडे आणखी दाबून बसवले.

करवंटीतले रोप पिवळे पडू लागले. तेव्हा साळिंदराने ती उचलली, आपल्या आसनावरची धूळ सवयीने झटकली आणि तो निघाला. दालनभर चालताना त्याला कोणी थांबवले नाही. एक-दोघांनी वाट दिली, पण का दिली ते त्यांनाही सांगता आले नसते.

वाटेत त्याने मनाशी ठरवले की हे रोप पडलेल्या करंजाच्या जागी लावायचे. कोनाड्यातल्या बिया आता मावशीबरोबर काठाने पेरायच्या, आणि मग तिथेच राहायचे. ओढ्याच्या वळणावर त्याला रानडुकरे भेटली. त्यांच्या पाठीवर पोती होती आणि ती घाईत होती.

मावशी बिळाबाहेर उन्हात बसली होती. त्याला लांबूनच पाहून ती काठी टेकत उठली.

"आलास? किती वाळलास रे," ती म्हणाली, आणि काट्यांची पर्वा न करता तिने त्याच्या तोंडावरून पंजा फिरवला. त्या स्पर्शाने त्याला भडभडून आले. दिव्यावाचून ओळखणारे कोणीतरी होते.

"मावशी, कोनाड्यातल्या बिया काढ," तो म्हणाला. "आपण पेरू या."

"त्या दिल्या की मी," मावशी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "आत्ताच डुकरं येऊन गेली. साळिंदररावांच्या नावाचा अखंड दिवा लागलाय म्हणे वर, त्याला तेल कमी पडतंय. मी म्हटलं, अरे, तो माझ्या बहिणीचा मुलगा! मीच आत नेऊन कोनाडा दाखवला. सगळं दिलं. तुझ्या दिव्याला कमी पडून चालेल का?"

साळिंदर करवंटी धरून उभा राहिला. कोनाडा इथूनही दिसत होता, झाडून पुसून स्वच्छ.

"कुठला रे तुझा दिवा?" मावशीने विचारले. ती सोंडेवरच्या कचेरीकडे बघत होती. दुपारच्या लख्ख उन्हात तिला तो सापडेना. साळिंदराने बोट दाखवले. मावशीने उन्हाची तिरीप लागू नये म्हणून कपाळावर आडवा पंजा धरला, डोळे बारीक करून बराच वेळ शोधले. शेवटी तो दिसला, तेव्हा साळिंदराला जरा बाजूला सारून तिने त्या दिव्याला दोन्ही पंजे जोडले.