अडमन हकीमाचा सडा

तो काळा पट्टा दिसतोय ना, त्याच्या अलीकडेच थांबा. पावसाळ्यात हा सगळा सडा, हे कातळाचं माळरान, फुलांनी भरतो, पण तेवढ्या कातळावर शेवाळसुद्धा धरत नाही. गुरंही वळसा घालून जातात. तिथे अडमन हकीमाची भट्टी होती, असं सांगतात.

हकीम टोपीकर, विलायतेचा. खरं नाव एडमंड. गावाच्या जिभेवर त्याचं अडमन झालं. जुन्या काळी गलबतातून तो खालच्या बंदरात उतरला. हाताला गुण होता, कित्येकांचे ताप त्याने उतरवले. पण जीव अडकला होता किमयेत. त्याची बायको देवीच्या साथीत त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती म्हणे. मरणावर उतारा सापडल्याशिवाय घरी परतणार नाही, अशी शपथ घेऊन तो निघाला होता. इथे झोपडी बांधून तो पारा आणि सोनं आटवत बसे. धूर पिवळा निघायचा. त्यातून उडणारी पाखरं खाली पडायची.

अखेर रस तयार झाला. दुसऱ्या कुणाला देण्याआधी त्याने तो स्वतः घेतला. थोड्याच दिवसांत चेहरा तुकतुकीत झाला, वाकलेली पाठ ताठ झाली. गावात एकच बोलबाला! खोत विसाजीरावांची एकुलती लेक लाडूबाई तेव्हा क्षयाने झिजत होती. खोत माणसं घेऊन सडा चढून आले.

"हकीम, एक घोट द्या. माझी पोर जातेय."

हकीमाने हात पुढे केले. ते थरथरत होते. ओठ वर करून त्याने हिरड्या दाखवल्या, काळ्याठिक्कर पडलेल्या. "नको, खोत. हे विष आहे. मी चुकलो."

"अमर व्हायचं ते तुम्ही एकट्यानेच, असंच ना?"

माणसं पुढे सरसावली तसा हकीमाने रस कातळावर ओतला. कातळ फसफसला. खोतांनी त्याला झोपडीत कोंडलं, दाराला धोंडे लावले आणि खळगीत साचलेला रस शिंपलीने निपटून घेतला. आतून हकीम ओरडत होता, "देऊ नका! नको!" खोत गावात पोचेपर्यंत तो आवाज त्यांच्या मागे येत होता.

लाडूबाईने बापाच्या हातून रस घेतला. संध्याकाळी तिच्या गालांवर लाली आली. तिने उठून बसून पेज मागितली. खोतांनी गावभर साखर वाटली.

सकाळी ती गेली.

खोत धावत वर आले, त्यांनी स्वतःच्या हातांनी धोंडे बाजूला केले. आत हकीम मरून पडला होता, अंग केव्हाच गार झालं होतं. "नको, नको" मात्र अजून ऐकू येत होतं.

आजही आमच्या गावात आजाऱ्याला पहिल्यांदा औषध पाजायचं तर, ते डॉक्टरांनी दिलेलं का असेना, घरातलं मोठं माणूस दार उघडून सड्याकडे तोंड करतं आणि विचारतं, "हकीम, देऊ ना?" सगळे श्वास रोखून उभे राहतात. वरून काही ऐकू आलं नाही, तरच ते औषध ओठांना लावतात.