वांग्याच्या फुलातली परी आणि खारं पाणी

शेवंती आणि तिच्या आईकडे होतं तरी काय? टीचभर शेत, त्यात वांग्याची इवली इवली रोपं आणि गाळाने भरलेली जुनी विहीर. म्हणून आईने हातातल्या पाटल्या मोडून खोल बोअर मारली. आणि काय सांगू, चंदेरी पाण्याचा फवारा थेट आभाळाकडे उडाला!

त्या गावची एक रीत होती. नवं पाणी आधी मातीला पाजायचं, माणसाने तोंड लावायचं नाही. आईने हळदकुंकू वाहिलं आणि पाणी रोपांना सोडलं.

चौथ्या दिवशी शेवंती शेतात गेली आणि जागच्या जागी थिजली. माती पांढरी फटक, पानांच्या कडा करपलेल्या. तिने ओल्या मातीला बोट लावून चाखलं, तर खारट. तिला रडू कोसळलं. वांगी गेली तर दोघींनी खायचं काय?

तेवढ्यात उरल्यासुरल्या एका जांभळ्या फुलातून बोटाएवढी परी डोकावली. तिचे सोनेरी पंख लुकलुकत होते.

"रडू नकोस गं. एक इच्छा माग. पण ती कुठून पुरी होणार, ते आधी डोळ्यांनी बघायचं."

"गोडं पाणी हवंय," शेवंती म्हणाली.

परीने पंख टेकवला आणि माती काचेसारखी आरपार झाली. बघते तर काय, बोअरखाली खाऱ्या पाण्याचा हिरवट डोह! वर एकच मोठा निळा झरा, तोही शेजारच्या गेनूकाकांच्या विहिरीकडे निघालेला. तो इकडे वळला की काकांची विहीर कोरडी. शेवंती हादरलीच. तेच काका तिला रोज घागरभर पाणी देत.

"मग नको. मला फक्त गोडं-खारं ओळखता येऊ दे. पुन्हा कुणाचं शेत करपायला नको."

आता थक्क व्हायची पाळी परीची होती. "शंभर वर्षांत असं कुणी मागितलं नाही गं," ती पुटपुटली आणि तिने शेवंतीला एक चिमुकला शिंपला दिला. "गोड्या पाण्याजवळ हा चमकेल. पण दिवसभरात झरेल तेवढंच उपसायचं हं."

शिंपला चमकला तो नेमका जुन्या विहिरीवर. आई, शेवंती आणि गेनूकाकांनी तीन दिवस गाळ उपसला, तेव्हा तळाशी इवलासा झरा खुळखुळला.

आईने तांब्या भरला, सवयीने मातीकडे वाकली आणि थबकली.

"आधी तू चाख, बाळा."

शेवंतीने घोट घेतला. पाणी गोड होतं. काठावर बसलेली परी खुदकन हसली आणि सोनेरी उजेडात विरून गेली. मग आईने पाणी रोपांना सोडलं.