विहिरीचा पहिला पेला

एकदा एका वृद्ध संशोधकाच्या हस्ते साथीनंतर बंद ठेवलेली गावची विहीर पुन्हा खुली व्हायची होती. पटकी कुणाच्या कोपाने येत नाही, पाण्यातून येते, हे त्या मुलुखाच्या गळी उतरवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. लोक त्यांना आदराने आचार्य म्हणत.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती. पाण्याचा प्रत्येक नमुना दोघांनी वेगवेगळा तपासायचा, दिसलं ते आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि मगच चिठ्ठ्या उघडायच्या. अलीकडे मात्र त्यांच्या शिष्याला एक चोरटी सवय जडली होती. गुरूंची चिठ्ठी तो आधीच वाचून घ्यायचा. आचार्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांना कधीकधी जंतू दिसत नसत. मग शिष्यही मुकाट्याने ‘स्वच्छ’ असंच लिहायचा. एवढ्या थोर माणसाला खोटं कसं पाडायचं? त्याला ती गुरुसेवाच वाटे. या विहिरीच्या पाण्यातही त्याला चार-दोन जंतू दिसले होते. ‘माझीच चूक झाली असेल,’ अशी त्याने मनाची समजूत घातली. भल्या माणसांना अशी समजूत फार लवकर घालता येते.

विहिरीची डागडुजी करवून देणारे शेठजी चांदीचा पेला घेऊन उभे होते. बायका रिकाम्या घागरी घेऊन जमल्या होत्या. तेवढ्यात आचार्य म्हणाले, “पहिला पेला मी पितो. न उकळता.”

या माणसाने चाळीस वर्षांत न उकळलेल्या पाण्याला ओठ लावले नव्हते. पेला भरला, वर गेला.

“गुरुजी, नका पिऊ!” शिष्य धावला आणि त्याच्या हाताच्या धक्क्याने पेला खाली पडला.

“अहो, हे काय?” शेठजी कडाडले. “पाणी स्वच्छ आहे असं तुम्हीच लिहिलंत ना?”

आचार्यांनी शांतपणे साबण मागवला, हात धुतले आणि शिष्याला बाजूला घेतलं.

“आजवर माझ्याकडे सतरा जण शिकले. दहा नमुन्यांत एखाद्यावरून तरी आमचं बिनसायचं. आम्ही तावातावाने भांडायचो, पुन्हा तपासायचो. गेल्या वर्षभरात तुझं-माझं एकदाही बिनसलं नाही. इकडे मला दाराची कडी चाचपडत शोधावी लागते. मग म्हातारपणी माझी नजर सुधारली असं समजू का?”

“आपल्याला कमीपणा आला असता, म्हणून...”

“माझ्या कमीपणाने कुणाचं पोर दगावत नाही, बाळ. माझा एक जीव वाचवायला तू धावलास. उद्यापासून दोनशे घरं हेच पाणी भरणार होती, तेव्हा गप्प का बसलास?”

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “आणि मी आजही बोललो नसतो तर?”

“तर प्यायलो असतो. मला ते स्वच्छच दिसलं होतं.” आचार्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “माझं काम पुढे न्यायचं असेल, तर माझ्या चुका शोध. ज्या दिवशी त्या झाकल्यास, त्या दिवशी ते काम थांबलं. आता जा, त्या बायकांना सांग.”

शिष्य पुढे गेला. मान वर करवत नव्हती. “विहीर बंदच राहील,” तो म्हणाला. “पाणी खराब आहे. मला ते दिसलं होतं. मी लिहिलं नाही.”

कुजबुज झाली. मागच्या साथीत सून गेलेली एक म्हातारी पुढे आली. तिने रिकामी घागर पुन्हा कमरेवर घेतली.

“आधी सांगायचंस रे, लेकरा,” एवढंच बोलून ती लांबच्या झऱ्याकडे चालू लागली. गुरूंच्या सगळ्या बोलण्यापेक्षा तिचं ते एक वाक्य शिष्याला अधिक लागलं.

वडीलधाऱ्यांचा मान आपण जरूर राखावा. त्याची झळ कुणाला लागते, तेही पाहावं.