जोडाशेजारची चीर

“तुटलं कुठं?”

दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं, तेही वर न बघता.

“जोडाच्या शेजारी.”

“आणि जोड?”

“जोडाला केसाएवढी चीर नाही.” सुकुमारची मान ताठ. गाडी मोडून आणली नव्हती, जणू बक्षीस घ्यायला आणली होती.

मिस्त्री तंबाखू मळत राहिले.

“म्हणजे जोड जिंकला,” ते म्हणाले.

“जिंकलाच.”

“आणि गाडी?”

गाडी त्याच्या पाठीमागं उभी होती आणि पोटात कळ आलेल्या म्हशीसारखी मधोमध वाकली होती. चार किलोमीटर त्यानं ती पायी चालणाऱ्याच्या वेगानं आणली होती. वाटेत दोन सायकलवाले त्याला मागं टाकून गेले, आणि त्यातला एक मागं वळून हसलाही.

गोष्ट अशी होती. सुकुमार चौगुले, वय बावीस, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यात टाकून घरी आलेला. तिथं वर्कशॉपचे सर वेल्डिंगवर तासभर बोलायचे आणि ठिणगी उडाली की सगळ्यात आधी तेच मागं सरायचे. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांवर त्याचा सरसकट राग होता. वडील तर तो परत आल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. रोज जेवताना खताच्या दुकानाची किल्ली मात्र त्याच्या ताटाशेजारी ठेवायचे. तो ती रोज आईच्या हातात परत द्यायचा. तीन महिने असं चाललं होतं.

मग त्यानं मामाच्या परड्यातली जुनी पिकअप बाहेर काढली. सात वर्षं तिच्यात कोंबड्या राहात होत्या.

भूपालआण्णांच्या द्राक्षबागेकडं जाणारी वाट विहिरीच्या कोपऱ्यावर एकदम वळते. तिथं माल न्यायची कुठलीच गाडी वळत नाही. बायका डोक्यावर क्रेट घेऊन रस्त्यापर्यंत चालतात. जो गाडी आत नेईल, त्याला पूर्ण हंगामाचं भाडं. सुकुमारनं दोरी लावून मोजलं. वळणाच्या मानानं पिकअप चौदा इंच जास्त लांब होती.

त्यानं चौदा इंच कापले. केबिनच्या मागं चेसी, गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, दोन्ही बाजूंनी तोडली, मधले दोन तुकडे काढले, उरलेली टोकं जोडली, वरून दोन्हीकडं नव्याकोऱ्या जाड पट्ट्या मारल्या. पट्ट्यांसाठी कॉलेजची पुस्तकं रद्दीत घातली. किलोनं पुस्तकं दिली, किलोनं लोखंड घेतलं.

शनिवारी रिकामी गाडी वळली. क्रेट भरून परत येताना मात्र कडाक् झालं.

आज सोमवार. उद्या आण्णा पुन्हा माल काढणार. “आलास तर हंगाम तुझा,” ते म्हणाले होते, “नाही आलास तर रस्त्यावरनं माल उचलायला शेजारच्या गावचा ट्रॅक्टरवाला सांगून ठेवलाय.” सांगून ठेवणं ही म्हाताऱ्यांची खास विद्या.

म्हणून तो इथं आला होता. मणेराजुरीच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये, सत्तरीच्या एका माणसाकडं, ज्याच्याविषयी लोक म्हणायचे की लोखंड त्याचं ऐकतं. सुकुमारचा विश्वास नव्हता. म्हातारा गप्प बसला की लोक त्याला ज्ञानी म्हणतात, एवढं त्याला ठाऊक होतं.

मिस्त्री शेवटी उठले. गुडघे मोडल्याचा आवाज झाला. गाडीखाली सरकले.

“मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट कुणी आखूड केला?”

“मी. लेथवर.”

“बरा हाय.”

सुकुमारला ते आवडलं. आवडल्याचा राग आला.

“आणि हे काय?”

“हॅन्डब्रेकची केबल. चौदा इंच जास्त झाली, म्हणून...”

“गाठ मारलीस?”

“मारली.”

“तारेच्या केबलला... गाठ?”

गाडीखालून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग कळलं, म्हातारा हसतोय. तो इतका हसला की त्याला बाहेर ओढून काढावं लागलं. डोळ्यांतून पाणी.

“ब्रेक लागतो का मग?”

“नाही लागत,” सुकुमार चिडून म्हणाला. “चाकाला अडण लावतो.”

“बरं, बरं. न्यूट्रल कर. शाफ्ट फिरवून बघतो.”

सुकुमारनं न्यूट्रल केलं आणि खिशातून कागद काढला. रेखाटन होतं. मापं, बाण, वजन कुठं येतं, सगळं.

“मिस्त्री, हे बघा. हिशेबात चूक नाही. पट्टी चेसीच्या दुप्पट जाडीची आहे. नवं लोखंड. वाकतच नाही.”

“आणि चेसी?”

“जुनी. ती वाकते.”

“नवी असताना?”

“तेव्हाही थोडी... खड्ड्यात पिळते ती. पण तेच तर नको होतं मला.”

मिस्त्रींनी कागद घेतला, बराच वेळ पाहिला. तो उलटा धरला होता.

“एक वाकतंय. शेजारचं वाकत नाही,” ते म्हणाले. “मोडणार कोण?”

“वाकणारं,” सुकुमार म्हणाला. आणि मग त्याचं डोकं फिरलं. “म्हणजे अडून बसायचं एकानं आणि मोडायचं दुसऱ्यानं? हा कुठला न्याय?”

“चहा घेणार?”

“मी काय विचारतोय!”

“ऐकलं. चहा घेणार का?”

चहा आला. मिस्त्रींनी कागद मांडीवर ठेवला, मधोमध सरळ घडी घातली, नखानं दाबली, आणि टर्रकन फाडला. घडीवरनं, एकदम सरळ.

“अहो! रात्रभर बसून काढलंय ते!”

“तुझ्या पट्टीची टोकं कशी हायत?”

“कशी म्हणजे... सरळ. काटकोनात.”

मिस्त्रींनी फाटलेल्या कागदाची सरळ कड त्याच्यापुढं धरली. उरलेल्या अर्ध्यावर त्यांनी तिरकी, माशाच्या शेपटीसारखी घडी घातली आणि तो सुकुमारच्या हातात दिला.

“फाड.”

सुकुमारनं ओढला. कागद चुरगळला, अडला, भलतीकडंच गेला. घडीवरनं काही फाटला नाही.

सरळ टोकाशी सगळा ताण एका रेषेत येतो, तिरक्या टोकाशी तो विखुरतो. एवढंच होतं का? कॉलेजच्या अडीच वर्षांत एकाही माणसानं त्याच्यासमोर कागद फाडला नव्हता.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “टोकं शेपटीसारखी कापतो. पण पट्टी? जाड नको, तर पातळ नवी आणावी लागेल. तासगावला जायचं, दुकान उघडं असायला हवं, आणि खरं सांगायचं तर... आता पुस्तकंही संपली.”

“पट्टी हाय की.”

“कुठं?”

मिस्त्रींनी हनुवटीनं दाखवलं. गाडीच्या मागच्या चाकाखाली दोन काळे, गंजके तुकडे अडकवलेले होते. त्यानं स्वतःच ठेवलेले. चेसीतून कापून काढलेले, बरोबर चौदा इंचाचे. फेकायचे म्हणून ठेवलेले, मग अडणीला बरे म्हणून वापरलेले.

“ते? ते तर भंगार आहे!”

मिस्त्री वाकले, आणि ते दोन्ही तुकडे चाकाखालून एका झटक्यात ओढून घेतले.

गाडी हलली.

“अहो! अहो चाचा! गाडी!”

शेडपुढं उतार होता. पिकअप आधी शांतपणे, मग घाईनं निघाली. सुकुमार धावला. दार उघडेना. तो बाजूनं पळत हौद्याला धरून ओढू लागला, जणू खरंच थांबवणार होता. एक चप्पल मागं राहिली. रस्त्यापलीकडं टपरीवर बसलेले तिघं उठून उभे राहिले. मदत कुणीच केली नाही. वडीलधारी माणसं असल्या वेळी फक्त उभी राहतात.

गाडी जुन्या टायरांच्या ढिगात शिरली आणि धप्पकन थांबली. वरचा एक टायर घरंगळत येऊन सुकुमारच्या पायाशी आडवा झाला.

तो धापा टाकत वळला. मिस्त्री जागचे हलले नव्हते. दोन तुकडे पुढं धरून उभे होते, ताट वाढून आणल्यासारखे.

“तीच जात,” ते म्हणाले. “तेवढीच जाडी. तेवढीच दमलेली. तिच्याबरोबर वाकतील.”

सुकुमारच्या तोंडात तीन शिव्या आल्या होत्या. तिन्ही तशाच राहिल्या. तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून. टायरावर बसून हसला. टपरीवरचे तिघंही हसले, कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मग काम.

मिस्त्रींनी हात लावला नाही. स्टुलावर बसून राहिले. सुकुमारनं चेसीला खालून लाकडी ठोकळे दिले, नव्या पट्ट्या ग्राइंडरनं उडवल्या, चीर साफ केली, भरली. तुकड्यांच्या कडा कापून त्यांच्या सपाट पट्ट्या काढल्या. टोकं शेपटीसारखी केली. वेल्डिंग मारताना घाई झाली की स्टुलावरून आवाज यायचा.

“थांब. गार होऊ दे.”

“वेळ नाही चाचा.”

“लोखंडाला हाय.”

दुपारी त्यांनी त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी न विचारता खाल्ली आणि ठेच्यात मीठ कमी आहे म्हणाले. केबलची गाठ सोडवायला मात्र त्यांनी त्याला तासभर बसवलं. “मारलीस तू, सोडवायची पण तूच.” नवीन आखूड केबल त्यांच्याकडं होती. ती त्यांनी गाठ सुटल्यावरच दाखवली.

“मजुरी काय झाली?” चारच्या सुमाराला सुकुमारनं विचारलं. विचारताना आवाज लहान झाला.

मिस्त्रींनी काढून टाकलेल्या नव्या जाड पट्ट्या उचलल्या, शेडच्या दाराशी चिखलात टाकल्या, वर उभं राहून पाहिलं.

“पायरी पाहिजे होती. ह्या काय वाकत न्हाईत.”

झालं.

विहिरीपाशी पोचले तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. मिस्त्री शेजारच्या सीटवर, मांडी घालून. हौद्यात क्रेट, आणि क्रेटमध्ये दगड. उद्याच्या मालापेक्षा जास्तच भरले होते. रिकामी गाडी कुणीही वळवतो.

भूपालआण्णा काठी घेऊन वाटेवर उभे होते. बागेतल्या बायका बांधावर बसून बघत होत्या.

“उजवीकडं घे! उजवीकडं!” आण्णा ओरडले.

उजवीकडं विहीर होती.

“आण्णा, तुम्ही बाजूला व्हा,” सुकुमार खिडकीतून म्हणाला. “तुम्ही उभे आहात तेवढीच जागा मला कमी पडतीय.”

बांधावर हशा पिकला. एक बाई म्हणाली, “खरं बोललं गं पोरगं.” आण्णा बाजूला झाले. आयुष्यात पहिल्यांदा असावं.

सुकुमारनं पहिला गियर टाकला. स्टेअरिंग पूर्ण वळवलं. पुढचं चाक विहिरीच्या काठावरच्या दगडाला घासून गेलं. मागचं खड्ड्यात उतरलं, गाडी आडवी पिळली...

कर्र.

कर्र... कर्रर्र.

बायकांचं हसणं थांबलं. पण मधे थांबायला जागाच नव्हती. त्यानं पाय दाबून ठेवला. मागचं चाक खड्ड्यातून वर आलं, हौद्यातले दगड खडखडले, आणि पिकअप वळण पार करून बागेच्या तोंडाशी सरळ उभी राहिली.

बायकांनी टाळ्या पिटल्या. एकीनं शिट्टीसुद्धा मारली.

आण्णा चालत आले. काठीनं चाकाला टोचून पाहिलं, मग हौद्याला, मग दाराला. यातलं काहीच बघायची गरज नव्हती, पण मालक माणूस कशाला तरी टोचल्याशिवाय हो म्हणत नाही.

“पहाटे सहाला ये,” ते म्हणाले. “हंगाम संपेपर्यंत.”

सुकुमारनं मान हलवली. पण त्याचं लक्ष तिकडं नव्हतं. तो खाली उतरला, पाठीवर झोपून गाडीखाली सरकला, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. चीर नव्हती. शेपटाच्या टोकालाही नव्हती, शेजारीही नव्हती. परत वर आला. दारात उभा राहिला, केसांत माती.

“चाचा.”

“हं.”

“चीर नाही कुठं.”

“नसणार.”

“पण आवाज करतीय. ऐकलात ना? माझ्या त्या नव्या पट्ट्यांवर एवढासुद्धा आवाज नव्हता. मोडेपर्यंत नव्हता.”

मिस्त्रींनी खिडकीतून तंबाखूची पिचकारी टाकली, तोंड पुसलं, आणि मांडी बदलून आरामात टेकून बसले.

“बोलतीय तोवर चालव, पोरा. गप झाली की माझ्याकडं घेऊन ये.”