चिंचेची बाहेरची फांदी

फार पूर्वी एका माळावर चिंचेचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत नरहरबुवा बसत. कोणीही आलं की बुवा स्वतः बाजूला सरकत आणि म्हणत, "ये इकडं, जागा आहे."

बुवा गेले. शिष्यांनी चिंचेभोवती लोखंडी कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली त्र्यंबक नावाच्या शिष्याने कमरेला बांधली. गुरुपौर्णिमेला बाहेरून हार पडत. एरवी सावली दिवसभर रिकामीच फिरे.

"कोणीतरी येऊन टेकावं असं वाटतं," चिंच म्हणाली.

"तुझा मान राखायलाच मी उभं आहे," कुंपण म्हणालं.

चिंचेला चालता येत नव्हतं. तिने एक फांदी बाहेरच्या अंगाला वाढवायला घेतली. कैक वर्षांनी ती कुंपणापलीकडे पोहोचली.

त्या साली पावसाने ओढ दिली होती. गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर उन्हात त्र्यंबक कुऱ्हाड घेऊन आला. फांदी प्रदक्षिणेच्या वाटेत येत होती. तिच्याखाली एक म्हातारी गवताचा भारा टाकून बसली होती.

"आजी, उठा. फांदी तोडायचीय. आमच्या गुरूंचं स्थान आहे हे."

म्हातारीने वर पाहिलं. तो घामाने निथळत होता. तिने भारा बाजूला ओढला आणि पदराने जमीन झटकली.

"किती दमलास बाबा. ये इकडं, जागा आहे."

वारा नव्हता, तरी चिंचेची पानं हलली. त्र्यंबकने कुऱ्हाड खाली ठेवली. बसताना कमरेची किल्ली त्याला टोचली.