घंटेत अडकलेली हाक

एका राज्यात राजवाड्याच्या देवडीवर टांगलेली घंटा आवाज गिळत असे. ती हलली की कुणाची तरी वाचा जाई, आणि मग त्या माणसाचा आवाज घंटेच्या पोटात कण्हत राही. लोकांनी त्याचीही सवय करून घेतली होती. माणसाला कशाची होत नाही!

एके दिवशी सगुणाच्या धाकट्या बहिणीची, गोदूची, वाचा गेली. सगुणा विद्यापीठाकडे धावली.

आचार्य म्हणाले, "मुली, मंत्र आम्ही शिकवू. पण आवाज सुटायचे तर घंटा वितळवून नव्याने ओतावी लागेल, आणि धातूला हात कसा लावावा, हे रानातली ओतारीणच जाणे. घंटा तिनेच ओतली."

ओतारीण मुकी होती. तिच्या वतीने खांद्यावरची साळुंकी बोले.

"शिकायचं तर हाताखाली राबावं लागेल."

"राबेन," सगुणा म्हणाली.

आधी माती. साच्यासाठी मसणातली माती मळताना आतली बोटं तिची बोटं धरत. ती हलकेच सोडवून घेई. मग मेण. मेणाच्या घंटेवर रोज सकाळी अनोळखी चेहरा उमटे. तो पुसून ती पुन्हा हात फिरवी. ओतारीण मान हलवी की सगळं मोडून पहिल्यापासून. ऋतू पालटले, हातांना घट्टे पडले. उरलं ओतणं.

"ओतताना शब्द काढायचा नाही," साळुंकी म्हणाली. "हिने काढला. हात भाजला, ही 'आई गं' म्हणाली. तो आवाज धातूत अडकला. आता सोबतीला दुसरे ओढतो."

राजाज्ञेने घंटा उतरली, भट्टीत वितळली. टळटळीत दुपारी सगुणाने मूस उचलली, धार साच्यात सोडली, आणि रसातून गोदू किंचाळली.

"ताई, भाजतंय गं! ओ दे ना!"

सगुणाच्या काळजाचं पाणी झालं. दातांखाली ओठ फाटला. पण धार तुटली नाही, आणि तोंडही उघडलं नाही.

साचा फोडून नवी घंटा टांगली. ती घणघणली आणि नगरभर मुकी माणसं बोलू लागली. राजाने सगुणाला राजओतारीण केलं. ओतारीण फुटक्या आवाजात एवढंच म्हणाली, "भट्टी आता तुझी."

गोदू मात्र लांबच उभी होती.

"मी किती हाका मारल्या, ताई. तू ओ दिली नाहीस."

सगुणाने तिला पोटाशी ओढलं. तिला हुंदका आवरेना.

"ओ," ती म्हणाली. "ओ गं बाई, ओ."