पाल कुठून चुकचुकते

भिंतींना कान होते आणि पालींना बोलता येत होते, त्या काळची गोष्ट. शरयूताईंनी घरात कासव आणले. लाकडी खोक्यात माती पसरली, एका कोपऱ्यावर उबेसाठी दिवा टांगला, दुसऱ्या कोपऱ्यात सावलीसाठी कौल ठेवले आणि मध्ये पाण्याची पसरट ताटली व जास्वंदीची पाने.

भिंतीवरची पाल चुकचुकली. "कासवभाऊ, वर आग, खाली पाणी. रस्सा असाच करतात बरं! आणि हा पाला तुला पुष्ट करायला."

कासवाने मान आत घेतली. ते कौलाखालून हलेना. गारठ्याने त्याचे पाय आखडले, जास्वंदीची पाने तशीच सुकली.

"खा की रे राजा, असा मरशील," शरयूताई रडवेल्या झाल्या.

"बघ, किती घाई झालीय त्यांना!" पाल म्हणाली.

कासवाने आवाजाच्या दिशेने मान वर केली. पाल दिव्याशेजारी पोट शेकत ऐसपैस पसरली होती.

"पालीबाई, आग ना ती? मग तुम्ही रोज तिथेच कशा?"

"मी... मी आपली पाळत ठेवते."

"मग मीही ठेवतो," म्हणत कासव रखडत दिव्याखाली गेले. ऊब पाठीत मुरली, तशी त्याला भूक लागली.

पाल अजूनही चुकचुकते. कासव आधी बघते, ती बसली कुठे आहे.